नारळ, नाक आणि नायट्रोजन

पाणाड्यानं चप्पल बांधावर काढली, तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि तो ढेकळांतून चालू लागला. मागोमाग आण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, चुन्याची पिशवी घेऊन. रानाच्या ईशान्य कोपऱ्यात नारळ हातावर उभा राहिला. आण्णांनी तिथं चुन्याची फक्की टाकली. ‘पन्नास फुटांवर झरा हाय आण्णा. मनगटाएवढा,’ पाणाड्या म्हणाला आणि दक्षिणा घेऊन गेला. पन्नास फुटांवर काळा पाषाण लागला. सत्तर फुटांवरही पाषाणच. कवठे महांकाळ तालुक्यात अशा कोरड्या विहिरी शोधायला नारळ लागत नाही. अग्रणी नदीच्या दोन्ही अंगांना जरा फिरलं की सापडतात. आमच्या रानाला पाणी आलं ते पुढं बऱ्याच वर्षांनी. तेही म्हैसाळ योजनेचं, कृष्णेतून पंपांनी उपसून टप्प्याटप्प्यानं वर चढवलेलं. त्यात नारळाचा काही संबंध नव्हता.

त्या विहिरीची माझी खरी आठवण मात्र सुरुंगाची आहे. पाषाण फोडायला कंप्रेसरचा ट्रॅक्टर आला होता. दिवसभर भोकं मारायची, दिवस कलला की त्यांत जिलेटीनच्या कांड्या ठासायच्या, केप, म्हणजे डेटोनेटर, लावून वाती बाहेर काढायच्या, पोराटोरांना बांधापलीकडं पिटाळायचं आणि बत्ती द्यायची. वाती कमी-जास्त लांबीच्या असतात; त्यामुळं बार एकामागं एक उडतात आणि मोजता येतात. एका संध्याकाळी भोकं होती बारा. आण्णा बोटांच्या पेरांवर मोजत होते. बार झाले अकरा. ब्लास्टिंगवाल्यानं डोक्याचा टॉवेल सोडला, तोंड पुसलं आणि म्हणाला, ‘आज कुनी विहिरीकडं फिरकायचं न्हाय.’

‘आरं पण बारावा कुठल्या अंगाचा?’ आण्णांनी विचारलं.

‘त्येच तर ठावं न्हाय. हाय म्हणून धरायचं.’

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर तो एकटा खाली उतरला. वातीचा शेंडा कुठं दिसतो का बघत त्यानं एकेक दगड हातानं उचलून बाजूला ठेवला. टिकाव नाही, पहार नाही. दोन तास. काठावर आम्ही इतके गप्प होतो की खाली दगडावर दगड ठेवल्याचा आवाज वर ऐकू येत होता.

लपलेलं स्फोटक शोधणं म्हणजे काय, ते मी पहिल्यांदा असं पाहिलं.

दुसऱ्यांदा पाहिलं ते विमानतळावर, आणि तिथं संशयित मीच होतो. जानेवारीचा महिना, द्राक्षाच्या मण्यांत पाणी भरायचे दिवस. चार दिवस चुलतभावाच्या बागेत काढून थेट विमान गाठलं होतं. सुरक्षा रक्षकानं माझ्या पिशवीच्या बंदावरून आणि तळहातावरून कापडाची एक पट्टी फिरवली, ती यंत्राच्या खाचेत घातली आणि यंत्राचा पडदा लाल झाला. मग आणखी दोघे आले. पिशवी उपसली गेली. बेदाण्याची पुडी, अडुळशाचं औषध, आईनं दिलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या. ‘साहेब, काम काय करता?’ लिहितो म्हटल्यावर त्यांचा संशय कमी झाला नाही. शेवटी मला आठवलं की आदल्या दिवशी बागेत मी हातानं तेरा-शून्य-पंचेचाळीस कालवलं होतं. द्राक्षवाल्यांना हा आकडा सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगतो, ते पोटॅशियम नायट्रेट असतं. पाण्यात विरघळणारं खत. दुसऱ्या पट्टीलाही यंत्र थोडं कुरकुरलं. तिसरी निर्मळ निघाली आणि मला सोडलं. यंत्राला खतच लागलं की आणखी काही, ते मला कुणी सांगितलं नाही. पण खतं आणि हाताला लावायची ग्लिसरीनयुक्त मलमं यांनी अशी यंत्रं फसतात, हे या क्षेत्रातल्या लोकांना चांगलं माहीत असतं.

मला राग आला नाही. यंत्रानं खोटं सांगितलं नव्हतं. त्याला नायट्रेट दिसलं, ते त्यानं सांगितलं.

स्फोटक शोधण्याच्या सगळ्या विद्येची गोम या नायट्रेटमधल्या नायट्रोजनात आहे. लाकूड जळतं तेव्हा ते हवेतला प्राणवायू घेतं, म्हणून चुलीला फुंकणी लागते. टीएनटी, आरडीएक्स, पीईटीएन, नायट्रोग्लिसरीन या स्फोटकांना फुंकणी लागत नाही. जळण आणि प्राणवायू एकाच रेणूत शेजारी शेजारी बांधलेले असतात, आणि प्राणवायू वाहून आणणारा हमाल म्हणजे नायट्रोजनाचा गट. दोरी सुटली की सगळं एका दमात जळतं, आणि नायट्रोजनाचे अणू एकमेकांना इतक्या घट्ट मिठ्या मारतात की त्यातून आणखी ऊर्जा बाहेर पडते. हा गट रेणूला चिकटवायला लागतं नायट्रिक आम्ल. म्हणजे आपल्या गलाईवाल्यांचं तेजाब. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या सराफकट्ट्यांवर सोनं गाळत बसली आहेत. त्यांच्या दुकानात शिरलं की नाकाला जे झोंबतं, ते हेच.

आता आमच्या तालुक्यात नायट्रोजन कुठं कुठं आहे ते मोजा. खताच्या गोणीत. गलाईच्या बाटलीत. विहिरीच्या सुरुंगात. म्हाताऱ्यांच्या जिभेखालच्या गोळीत. छातीत कळ आली की ठेवायची ती गोळी नायट्रोग्लिसरीनची किंवा त्याच्या भाऊबंदाची असते. आल्फ्रेड नोबेलनं याच द्रव्याचा डायनामाइट बनवला आणि उतारवयात त्याच्याच हृदयासाठी डॉक्टरांनी त्याला तेच द्रव्य लिहून दिलं. जुन्या जिलेटीनच्या कांडीला हात लावला की ठणठण डोकं दुखायचं, तेही यामुळंच, रक्तवाहिन्या सैलावतात. नायट्रोग्लिसरीन असलेल्या स्फोटकांवर भारतात १ एप्रिल २००४ पासून बंदी आली. आता मिळतात त्या कांड्या निराळ्या रसायनाच्या, मुख्यतः अमोनियम नायट्रेटच्या, पण गावात नाव जिलेटीनच राहिलं. आणि कवठे म्हटलं की बाहेरच्यांना नेहमी गोंधळ होतो म्हणून सांगतो: आमचं कवठे महांकाळ, आणि तासगाव तालुक्यातलं ते कवठे एकंद. दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढं शोभेच्या दारूची जी आतषबाजी चालते, ती एकंदची. सोरा, गंधक, कोळसा. सोरा म्हणजे पुन्हा तेच पोटॅशियम नायट्रेट, माझ्या तळहातावरचं. दिवाळीत तुमच्या अंगणात फटाक्याचा धूर असेल, तर थोडं तुमच्याही बोटांवर असेल.

म्हणून मला वाटतं, लपवलेलं शोधणं ही स्फोटकं शोधण्याच्या संशोधनाची अर्धीच अडचण आहे. उरलेली अर्धी अशी, की जे शोधायचं ते सगळ्यांच्या घरात, शेतात, औषधाच्या डबीत आधीच आहे. त्यातून घात करणारं तेवढं वेगळं काढायचं.

दुसरीकडं, खरा बाका पदार्थ वासच सोडत नाही. पंचवीस अंश सेल्सिअसला टीएनटीच्या ढेपेला लागून असलेल्या हवेत शंभर कोटी रेणूंमागं टीएनटीचे सुमारे नऊ रेणू असतात. नायट्रोग्लिसरीन त्यामानानं मोकळ्या स्वभावाचं. पंधरा-वीस लाखांत एक. आणि आरडीएक्स? लाख कोटी रेणूंमागं सुमारे पाच. तेही हवा कोंडलेली असेल तर. बॅगेत, प्लॅस्टिकमध्ये, कपड्यांच्या घडीत गुंडाळलं की तेवढंही बाहेर येत नाही. २१ डिसेंबर १९८८ला स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर जे विमान फुटलं आणि २७० माणसं मेली, त्यातलं स्फोटक एका रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये मावलं होतं. त्यानंतर १९९१ साली माँट्रियलला देशांनी करार केला, की प्लॅस्टिक स्फोटक बनवतानाच त्यात सहज उडणारं एखादं खुणेचं रसायन मिसळायचं. गॅसच्या टाकीत गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घालतात, तसंच. उपाय सुंदर आहे, पण तो कायदा पाळणाऱ्या कारखान्यापुरता.

महाराष्ट्राला आरडीएक्स हा शब्द माहीत झाला १९९३ साली. रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला माल उतरला आणि १२ मार्चला मुंबईत एकामागून एक स्फोट झाले. २५७ माणसं गेली. झवेरी बाजार त्या यादीत होता. २००३च्या ऑगस्टमध्ये झवेरी बाजार पुन्हा. १३ जुलै २०११ला तिसऱ्यांदा, ऑपेरा हाऊस आणि दादरबरोबर. मुंबईत स्फोट झाला की आमच्याकडं पहिला प्रश्न ‘झवेरी बाजार का?’ हाच असायचा, कारण घरटी नाही तरी गल्लीटी एक तरी माणूस तिथं भट्टीपुढं बसलेला. फोन लागत नसायचे. बायका एसटी स्टँडवर येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या.

आणि यातल्या शेवटच्या स्फोटांच्या वेळी राज्याचे गृहमंत्री आमचेच आमदार होते. आर. आर. आबा पाटील, तासगाव-कवठे महांकाळचे. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००८मध्ये त्यांनी पद सोडलं, २००९च्या निवडणुकीनंतर तेच खातं पुन्हा घेतलं. तीन-साडेतीन महिने झाले नाहीत तोवर १३ फेब्रुवारी २०१०च्या संध्याकाळी पुण्याच्या कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत एका बेवारस पिशवीचा स्फोट झाला. सतरा बळी. आबांनी पालकमंत्रिपद मागून घेतलं तेही गडचिरोलीचं, जिथं स्फोटक पिशवीत नसतं, डांबराखाली असतं. आबा १६ फेब्रुवारी २०१५ला गेले. गडचिरोलीचं दुखणं राहिलं: १ मे २०१९, महाराष्ट्र दिनाच्या दुपारी कुरखेड्याजवळ जांभुळखेडा इथं भूसुरुंगानं पोलिसांची गाडी उडवली. पंधरा जवान आणि गाडीचा चालक. रस्त्याखालच्या त्या सुरुंगापाशी भोकं मोजणारा कुणी नसतो, आणि बारावा बार कुठं आहे हे विचारायला ब्लास्टिंगवालाही नसतो.

जर्मन बेकरीची एक गोष्ट मला कायम टोचते. त्याच पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, पाषाणच्या सुतारवाडीत, देशातली स्फोटकांची एक प्रमुख प्रयोगशाळा आहे. एचईएमआरएल, म्हणजे उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा. क्षेपणास्त्रांचं इंधन करणाऱ्या या संस्थेनं स्फोटक ओळखण्याची एक पेटीही बनवली आहे. तिच्यात विजेचं काही नाही. संशयित जागा पुसायची, त्यावर ठरावीक रसायनांचे थेंब टाकायचे, दोन-तीन मिनिटांत रंग उमटतो आणि रंगावरून कुळी कळते: टीएनटीची, आरडीएक्सची, की साध्या काळ्या दारूची. शाळेतल्या लिटमसची थोरली बहीण म्हणा. २०१३च्या ऑगस्टमध्ये ही पेटी अमेरिकेच्या बाजारात उतरवण्यासाठी वॉशिंग्टनला समारंभ झाला. आपण बाहेरून यंत्रं आणतो एवढंच ऐकायची सवय असलेल्याला हे वाचून बरं वाटतं. पण पेटी काम करते ती पिशवी संशयास्पद आहे हे कळल्यानंतर. पिशवी संशयास्पद आहे हे आधी कुणी तरी ओळखावं लागतं.

मग शास्त्रज्ञांनी दोन वाटा धरल्या. एक, ढीग शोधायचा. दुसरी, कण शोधायचा.

ढिगाची वाट म्हणजे क्ष-किरण. विमानतळावरच्या पडद्यावर धातू निळा दिसतो आणि सेंद्रिय वस्तू नारिंगी. नारिंगीत साबण येतो, चॉकलेट येतं, आणि आमच्या बेदाण्याची पेटीही येते. म्हणून रुग्णालयातल्या सीटी स्कॅनची जात बॅगांसाठी आणली गेली. तिच्यानं घनता कळते, आणि टीएनटी पाण्याच्या दीडपटीहून जड, आरडीएक्स पावणेदोन पटीहून. असं पहिलं यंत्र अमेरिकेत १९९४च्या अखेरीस प्रमाणित झालं. या वाटेवर एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. नायट्रोजनाच्या अणुकेंद्राला ठरावीक रेडिओ लहर दिली की ते तीच लहर परत गुणगुणतं, आणि कुठल्या रेणूत बसलं आहे त्याप्रमाणं सूर बदलतं. आरडीएक्सचा एक सूर ३.४१ मेगाहर्ट्‌झवर. खताचा वेगळा, टीएनटीचा वेगळा. खत आणि स्फोटक यांत गोंधळ नाही, वासाची गरज नाही, गुंडाळलेलं असलं तरी चालतं! फक्त टीएनटीचे सूर पडतात एक मेगाहर्ट्‌झच्या आत, म्हणजे थेट मीडियम वेव्हच्या पट्ट्यात. आकाशवाणी सांगलीवर शेतीचे कार्यक्रम ऐकत आम्ही मोठे झालो तो पट्टा. कुजबुज ऐकायची आणि शेजारी लाउडस्पीकर. शिवाय धातूच्या डब्यात रेडिओ लहर शिरत नाही. पद्धत अजून प्रयोगशाळांच्या आणि सुरुंगक्षेत्रांच्या आसपासच घुटमळते आहे.

कणाची वाट माझ्या तळहातावरून गेली तीच. स्फोटक हाताळणाऱ्याच्या बोटांना, कपड्याला, चेनच्या दात्यांना कण चिकटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, धुतले तरी सगळे जात नाहीत. पट्टी तापवली की कणांची वाफ होते, वाफेला विद्युतभार देतात आणि एका नळीतून पळवतात. हलका रेणू आधी पोचतो, जड आणि पसरट रेणू मागं राहतो. शर्यत काही मिलिसेकंदांची. पोचण्याच्या वेळेवरून नाव. जगभरच्या विमानतळांवर मुख्यतः हेच आहे. हीच यंत्रं अमली पदार्थही हुंगतात. मार्च २०२४मध्ये मुंबई पोलिसांनी आमच्या तालुक्यातल्या इरळीत एमडीचा कारखाना पकडला, शंभर किलोहून जास्त माल सापडला, तेव्हा गावात सगळ्यांचा एकच सवाल होता: एवढं शेजारी शिजत होतं आणि वास कसा आला नाही? बरोबर सवाल आहे. आपलं नाक त्यासाठी घडलेलंच नाही.

पवईला, आयआयटी मुंबईत, प्रा. व्ही. रामगोपाल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाक घडवायला घेतलं ते सिलिकॉन आणि पॉलिमर यांतून. मला या साऱ्या विषयात सर्वांत आवडलेली वस्तू ही. विहिरीच्या काठावरून पुढं काढलेली, पोरं उडी मारायला वापरतात ती फळी डोळ्यांपुढं आणा. आता ती इतकी लहान करा की लांबी केसाच्या जाडीच्या दोन-चार पट भरेल, आणि जाडी केसाच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढी. तिच्या एका अंगाला असा लेप, ज्याला स्फोटकाचे रेणू चिकटतात. रेणू येऊन बसले की त्या अंगाला ताण पडतो, फळी वाकते. वाकणं इतकं थोडं की डोळ्यानं काय, साध्या सूक्ष्मदर्शकानंही कळू नये. पण फळीच्या पोटात विजेचा एक रोधक पुरलेला असतो, त्याचा रोध बदलतो आणि आकडा हलतो.

अडचण कुठली? मुंबईची हवा. पाण्याची वाफही फळीवर बसते आणि तिला वाकवते. जुलैत तर फळी चोवीस तास वाकलेली. मग शेजारी दुसरी फळी ठेवायची, लेप नसलेली. दमट हवेनं दोघी सारख्या वाकतील; स्फोटकानं एकच. दोघींतला फरक तेवढा वाचायचा. माझ्या आजीची तराजू पाहायची रीत हीच होती, आधी रिकामी पारडी बघायची आणि मग भाजीवाल्याशी बोलायचं. या संशोधनातून नॅनोस्निफ टेक्नॉलॉजीज ही कंपनी आयआयटीच्याच पाळण्यात वाढली आणि ९ एप्रिल २०२१ला तिच्या ‘नॅनोस्निफर’ या यंत्राचं लोकार्पण तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री रमेश पोखरियाल निशंक यांनी केलं. सूक्ष्म संवेदकावर चालणारं जगातलं पहिलं स्फोटक-कणशोधक यंत्र, असं तेव्हा सांगितलं गेलं. उत्तर दहा सेकंदांच्या आत. त्याआधी वर्षभर, मार्च २०२०मध्ये, पुण्यातल्या एचईएमआरएलनं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर केलेलं ‘रेडर-एक्स’ दाखवलं. ते वीसेक प्रकारची स्फोटकं दोन मीटर अंतरावरून ओळखतं असा दावा होता. दोन मीटर म्हणजे बॉम्बशोधक पथकातल्या माणसाच्या दृष्टीनं फार काही लांब नव्हे, पण हात लावावा लागत नाही हे काही कमी नाही.

प्रयोगशाळेतलं नाक आणि रस्त्यावरचं नाक यांत किती अंतर असतं, याचा धडा अमेरिकेनं घेतला आहे. २००४च्या सुमारास तिथल्या विमानतळांवर माणसावर हवेचा झोत मारून कण गोळा करणाऱ्या खोल्या बसवल्या. दोनशेहून जास्त यंत्रं विकत घेतली, सुमारे तीन कोटी डॉलर गेले. धूळ आणि दमटपणा यांनी यंत्रं सारखी बंद पडायची. निम्मीअधिक तर खोक्यातून बाहेरच आली नाहीत. शेवटी गाशा गुंडाळला. ही यंत्रं मार्च महिन्यात कवठे महांकाळच्या स्टँडवर एक आठवडा चालवून पाहिली असती तर तीन कोटी डॉलर वाचले असते.

आता नारळाकडं परत येतो.

इंग्लंडच्या जेम्स मॅकॉर्मिकनं ‘एडीई ६५१’ नावाचं यंत्र इराकला विकलं. पिस्तुलासारखी मूठ आणि तिच्यावर सैल फिरणारी एक अँटेना. बॅटरी नाही. शिपायानं दोन पावलं चालायचं, स्फोटक असेल तिकडं अँटेना वळणार. मूळ खेळणं गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याचं, किंमत वीसेक डॉलर. विकलं हजारो डॉलरला एक. बगदादच्या नाक्यानाक्यावर ते होतं आणि त्याच नाक्यांवरून स्फोटकांच्या गाड्या आत जात होत्या. मे २०१३मध्ये मॅकॉर्मिकला दहा वर्षांची कैद झाली. तरी इराकी पोलिसांच्या हातातून ती अँटेना पुरती सुटायला जुलै २०१६ उजाडला, कराडा भागातल्या भीषण स्फोटानंतर पंतप्रधानांना हुकूम काढावा लागला. त्याच जातीचं ‘जीटी २००’ थायलंडनं घेतलं होतं. २०१०मध्ये तिथं चाचणी झाली: वीस वेळा शोधायला लावलं, चार वेळा बरोबर.

तळहातावरचा नारळ आणि ती अँटेना यांत मला कणभर फरक दिसत नाही. दोन्ही धरणाऱ्याच्या हाताच्या नकळत झालेल्या हालचालीनं वळतात, दोन्हींना धरणाऱ्याची श्रद्धा लागते, आणि दोन्ही चुकले की दोष पाषाणाचा. फरक एवढाच की आण्णांची विहीर कोरडी गेली, बगदादची माणसं गेली. आणि शिकलेले अधिकारी नारळाला हसतात, पण इंग्रजी माहितीपत्रकासह आलेला नारळ विकत घेतात.

कुत्र्याचंही थोडं असंच होऊ शकतं, हे ऐकून मला वाईट वाटलं. मुंबई पोलिसांचा जंजीर हा लॅब्राडोर आमच्या पिढीचा नायक. पुण्यात शिकलेला. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स आणि ६०० डेटोनेटर. १६ नोव्हेंबर २०००ला गेला तेव्हा सरकारी इतमामानं निरोप मिळाला. कुठल्याही यंत्रानं अजून त्याची बरोबरी केलेली नाही. यंत्र ‘आहे’ म्हणतं, कुत्रा ‘इकडं आहे’ म्हणतो. वास ज्या दिशेनं दाटतो तिकडं पावलं टाकत मूळ गाठतो. पण अर्ध्या-पाऊण तासानं त्याला विश्रांती लागते आणि तो हस्तकाचा, म्हणजे त्याला हाताळणाऱ्या माणसाचा, चेहरा वाचतो. २०११ साली कॅलिफोर्नियात अठरा श्वानपथकांची परीक्षा झाली. खोल्यांत काहीही लपवलेलं नव्हतं; हस्तकांना मात्र आहे असं सांगितलं होतं. खुणा झाल्या सव्वादोनशे. हस्तकाला जिथं वाटलं, तिथं कुत्रा बसला. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात माल कुठं आहे हे हस्तकालाही सांगत नाहीत. पाणाड्याची अशी परीक्षा आमच्या गावात कुणी घेतली नाही.

यंत्र प्रामाणिक असलं तरी हिशेब सुटत नाही. समजा, एखाद्या मोठ्या स्टेशनवर दिवसाला एक लाख बॅगा येतात आणि यंत्र शंभरात एकदाच चुकतं. (आकडे माझे, समजण्यासाठी.) रोज हजार बॅगांवर लाल दिवा. प्रत्येकीला पाच मिनिटं धरली तर त्र्याऐंशी तासांचं काम, एका दिवसात. यांतल्या कदाचित एकाही बॅगेत काही नसेल. एखाद्या द्राक्षवाल्याचे हात असतील, एखाद्या आजोबांची गोळी असेल. तिसऱ्या दिवशी दमलेला हवालदार यंत्राचा आवाज बारीक करील. त्याला दोष देता येणार नाही. म्हणून संशोधनाचा खरा कस मला ‘किती सूक्ष्म कण ओळखला’ यात वाटत नाही. जाहिरातीत तोच आकडा मोठ्या अक्षरांत असतो. मी विकत घेणारा असतो तर उलटं विचारलं असतं: खत लागलेले शंभर शेतकरी, गलाईचे शंभर कारागीर आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीची शंभर पोरं यातून गेली तर दिवा कितींदा लागतो? हा आकडा मागितला की नारळवाले आपोआप गळतात.

तो ब्लास्टिंगवाला आता थकला आहे. ट्रॅक्टर मुलगा चालवतो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या ओट्यावर बसून मी त्याला फळीचं नाक समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘दगडाखालचं सांगतंय का?’ अजून नाही, म्हणालो. ‘मग आमच्या धंद्याला काय कामाचं?’ चहा पिऊन झाल्यावर मात्र तो एक बोलला, ते लिहून ठेवलं आहे. तेव्हाच्या बाराव्या भोकाची जागा त्याला आदल्या रात्रीच आठवली होती. तरीही त्यानं विहीर चारी अंगांनी उचकली. ‘आठवलेलं खरं असतंच असं न्हाय, सायेब.’

आपल्याकडं अजून शेकडो पडक्या विहिरी, बंद खाणी आणि अर्धवट सोडलेली कामं आहेत. दिवाळीच्या सुटीत पोरं तिकडं फिरकतात. कांडी, केप किंवा वायरचं टोक दिसलं तर उचलू नये, ओढू नये, वर पाणी ओतू नये. लांबून खूण लक्षात ठेवून मागं फिरावं आणि ११२ला फोन करावा. बॉम्बशोधक पथक रिकाम्या हातानं परत गेलं तरी कुणी तुम्हाला हसणार नाही.